कोळशाच्या ठोकळ्यातला काळा ठिपका: चिकणमाती, क्वार्ट्झ की नुसता खड्डा?

कोळशाच्या चाचणीच्या कागदावर ‘राख ३५ टक्के’ अशी एक ओळ येते आणि त्या ओळीवर भाव ठरतो. बॉयलरच्या ग्रेटवर, म्हणजे कोळसा जळतो त्या जाळीवर, वितळलेल्या राखेचा खंगर का धरतो, कोळसा दळणाऱ्या मिलचे रोल वेळेआधी का झिजतात, धुऊनही राख का हटत नाही, यांतलं काहीच ती ओळ सांगत नाही. सांगणार तरी कशी? राख म्हणजे कोळशातली खनिजं ८१५ अंश सेल्सिअसला भाजून झाल्यावर उरलेला ऐवज. तोवर केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजाच्या रचनेतलं पाणी उडून गेलेलं असतं, ते त्याच्या वजनाच्या जवळपास १४ टक्के. कॅल्साइटमधला (चुनखडीच्या खनिजातला) कार्बन डायऑक्साइड गेलेला असतो, तो ४४ टक्के. पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचं फेरिक ऑक्साइड होताना वजनाचा तिसरा हिस्सा कमी होतो, सिडेराइटचं, म्हणजे लोहाच्या कार्बोनेटचं, त्याहून किंचित कमी घटतं. भट्टीतून बाहेर आलेल्या लालसर भुकटीकडे पाहून आत मुळात काय, केवढं आणि कुठे बसलं होतं हे कळायला मार्ग नाही. ते पाहायचं तर कोळसा न जाळता मायक्रोस्कोपखाली धरावा लागतो.

सोलापूर सगळं बेसॉल्टवर वसलेलं. इथे कोळसा येतो तो वाघिणींतून नाहीतर ट्रकमधून. मग तो फताटेवाडीच्या एनटीपीसी केंद्रातल्या ६६० मेगावॅटच्या दोन संचांसाठी असो, की टॉवेल-चादरीचं सूत रंगवणाऱ्या एखाद्या डाय हाउसच्या बॉयलरसाठी. इथल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याचा हात बसलेला असतो तोही बेसॉल्टच्या पातळ छेदांवर: ३० मायक्रॉन जाडीचा काप, खालून येणारा प्रकाश, प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या पट्ट्या. कोळशाला ही पद्धत चालत नाही. ३० मायक्रॉनलाही तो बहुतेक काळाकुट्टच राहतो. म्हणून कोळशाचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकटद्रवात, बसवून ठोकळा करायचा, त्याला आरशासारखी झिलई द्यायची आणि वरून प्रकाश टाकून परत येणारा उजेड पाहायचा. इंडियन स्टँडर्डमध्ये यासाठी आयएस ९१२७ ही मालिका आहे, आयएसओमध्ये ७४०४. दोन्ही वाचाव्यात, पण ठोकळा का बिघडला याचं उत्तर त्यांत सहसा सापडत नाही.

नमुन्यातली खडी

आपल्याकडची खास अडचण आधी सांगतो. यार्डातला कोळसा मुरुमावर नाहीतर काळ्या मातीवर पडलेला असतो. लोडर खालपर्यंत गेला की खडी, मुरूम आणि माती कोळशाबरोबर उचलली जाते. राखेच्या चाचणीत हे सगळं ‘कोळशाची राख’ म्हणून मोजलं जातं. मायक्रोस्कोपखाली मात्र बेसॉल्टचा तुकडा लपत नाही. करड्या दाण्यात आडव्यातिडव्या पट्ट्या आणि मध्ये टायटॅनोमॅग्नेटाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाचे चकचकीत, सांगाड्यासारखे स्फटिक दिसले, तर तो दाणा खाणीतला नाही, यार्डातला आहे. हे ओळखण्यात सोलापूरच्या विद्यार्थ्याला तोड नाही. असे दाणे वेगळ्या रकान्यात मोजावेत. काळी माती ओळखणं जास्त अवघड. ती दाण्यांच्या बाहेर, रेझिनमध्ये सुट्ट्या गुठळ्या करून बसते, कोळशाच्या आत कधीच नसते. ढिगाच्या पायथ्याचा हातभर थर सोडूनच नमुना घ्यावा, म्हणजे हा प्रश्न निम्मा सुटतो.

नमुना सावलीत वाळवायचा. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात पत्र्यावर पसरलेला कोळसा ४० अंशांच्या बराच वर जातो, त्याला आकसून भेगा पडतात आणि पायराइट गंजायला लागतो. मग दळायचं, पण एका झटक्यात नाही. चाळणी १ मि.मी.ची. थोडं दळायचं, चाळायचं, वर राहिलेलंच पुन्हा दळायचं, सगळं खाली उतरेपर्यंत. एकदम दळलं तर अर्ध्याची पूड होते आणि पुडीत खनिज कशाला चिकटलेलं होतं हे दिसेनासं होतं.

पण जी पूड होईल ती फेकायची नाही. पूड काढून टाकली की ठोकळ्याला झिलई छान येते, त्यामुळे हा मोह अनेकांना होतो. चिकणमाती मऊ असते, दळताना सगळ्यांत आधी तीच पूड होते. पूड गेली की चिकणमाती गेली, आणि मोजणीत खनिज आहे त्यापेक्षा बरंच कमी येतं.

ठोकळा

३० मि.मी. व्यासाच्या साच्यात साधारण १० ग्रॅम कोळसा आणि ८ ग्रॅमच्या आसपास रेझिन पुरतं, २० मि.मी. उंचीचा ठोकळा होतो. रेझिन पातळ हवं, ‘कोल्ड माउंटिंग’ म्हणून मिळतं ते. हार्डवेअरच्या दुकानातल्या दोन ट्यूबांचं घट्ट चिकटद्रव्य इथे कामाचं नाही, ते दाण्यांच्या भेगांत शिरतच नाही. हार्डनरचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं ते आणि ते वजनाने घ्यायचं, थेंब मोजून नाही. हार्डनर कमी पडला तर ठोकळा चिकट राहतो आणि पॉलिशच्या कापडावरची पूड त्यात रुतते. मिश्रण पाच ते दहा मिनिटं व्हॅक्यूममध्ये ठेवावं. पंप एकदम पूर्ण सोडला तर फेस येऊन कोळसा साच्याबाहेर उतू जातो, म्हणून झडप हळूहळू उघडायची. उन्हाळ्यात खोलीचं तापमान ४० अंशांवर गेलेलं असताना रेझिन हाताळायला निम्मा वेळही मिळत नाही. सकाळी लवकर काम करा, एका वेळी दोनच साचे भरा आणि कप थंड पाण्याच्या वाटीत ठेवा.

आता खरी मेख. रेझिन घट्ट होईपर्यंत जड दाणे खाली बसतात. पायराइटची घनता ५, क्वार्ट्झची (गारगोटीच्या खनिजाची) २.६५, चिकणमातीची २.६ च्या आसपास, स्वच्छ कोळशाची १.३ ते १.४. साच्याचा तळ तसाच घासून पॉलिश केला तर पायराइट भरपूर दिसतं, वरची बाजू पॉलिश केली तर जवळजवळ दिसतच नाही. दोन्ही आकडे खोटे. उपाय एकच: ठोकळा उभा कापायचा आणि कापलेला चेहरा पॉलिश करायचा, म्हणजे तळापासून माथ्यापर्यंतचा सगळा कोळसा एकाच पृष्ठावर येतो. ३० गुणिले २० मि.मी. म्हणजे ६०० चौरस मि.मी. पृष्ठ मिळतं, मोजणीला तेवढं पुरतं. केवळ खनिजांसाठी ठोकळा करत असाल तर ही पायरी कधीही गाळू नका. बाकी कुठे थोडं इकडेतिकडे झालं तरी एक वेळ निभावतं.

घासायला सिलिकॉन कार्बाइडचे कागद: २४०, ४००, ६०० आणि शेवटी १२००. प्रत्येकावर मिनिटभर, आणि कागद बदलला की ठोकळा काटकोनात फिरवायचा, म्हणजे आधीचे चरे गेले की नाही ते दिसतं. दोन कागदांच्या मध्ये ठोकळा आणि स्वतःचे हात, दोन्ही धुवायचे. २४० चा एक कण ६०० वर गेला तर सगळं पुन्हा करावं लागतं. पॉलिशला लव नसलेलं कापड, रेशमी चांगलं. त्यावर ३ आणि मग १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट, शेवटी ०.०५ मायक्रॉनचं ॲल्युमिना, तेही अर्ध्या मिनिटापुरतं. लव असलेल्या कापडावर कोळसा खोलवर झिजतो आणि क्वार्ट्झ, पायराइट टेकाडासारखे वर राहतात. मग त्यांच्या कडेला सावली पडते आणि दाणा आहे त्यापेक्षा मोठा मोजला जातो.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. चिकणमाती जास्त असलेल्या नमुन्यात, विशेषतः फुगणारी माती असेल तर, पाण्याने ती फुगते आणि पॉलिश करताना उपटून निघते. तिथे पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. दुसरी गोष्ट आपल्या बोअरच्या पाण्याची. या जड पाण्याने ठोकळा धुऊन तसाच वाळवला तर पृष्ठावर पांढुरका क्षार राहतो. तो कॅल्शियम कार्बोनेटच असतो, आणि क्रॉस्ड पोलरमध्ये, म्हणजे प्रकाश गाळणारे दोन पोलर एकमेकांना काटकोनात ठेवले की, तो कॅल्साइटसारखाच चमकतो. खनिज म्हणून त्याची नोंद होऊ नये म्हणून शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याने आणि लगेच हवेने वाळवणं. अल्ट्रासोनिक बाथमध्ये काही सेकंदच. जास्त ठेवलं तर चिकणमाती सैल होऊन बाहेर पडते आणि तिच्या जागी खड्डा राहतो.

काळा ठिपका

शीर्षकातला प्रश्न इथे येतो. कोळशाचं परीक्षण ऑइल इमर्शनमध्ये, म्हणजे ठोकळा आणि ऑब्जेक्टिव्ह (खालचं भिंग) यांच्या मध्ये तेलाचा थेंब ठेवून, करतात, ३२ ते ५० पट ऑब्जेक्टिव्ह, एकूण मोठेपणा ४०० ते ५०० पट. तेलाचा अपवर्तनांक १.५१८. क्वार्ट्झचा १.५४४, चिकणमातीच्या खनिजांचा १.५६ च्या आसपास, रेझिनचाही साधारण १.५५. सगळे तेलाच्या इतके जवळ की प्रकाश परत येतच नाही. हिशोब केला तर तेलात क्वार्ट्झची परावर्तकता, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला परत येणारा हिस्सा, ०.०१ टक्क्याच्याही खाली येते, चिकणमातीची ०.०२ च्या जवळ. विट्रिनाइटची, म्हणजे लाकडापासून झालेल्या कोळशाच्या मुख्य घटकाची, अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे त्याच्यापुढे हे सगळे मिट्ट काळे. खड्डाही काळाच. रेझिनने भरलेली भेगही काळीच.

हवेत मात्र चित्र बदलतं. तिथे क्वार्ट्झ साडेचार टक्क्यांच्या वर, चिकणमाती पावणेपाचच्या आसपास परावर्तन देते, म्हणजे दोन्ही स्वच्छ करडे दिसतात. खड्डा हवेतही काळाच राहतो, कारण त्याला प्रकाश परत पाठवायला सपाट पृष्ठच नसतं. म्हणून तेलाचा थेंब टाकण्यापूर्वी संपूर्ण ठोकळा २० पट ड्राय ऑब्जेक्टिव्हने पाहून घ्यावा. नंतर तेल पुसून पुन्हा ड्राय पाहणं म्हणजे डोकेदुखी. तेल भेगांत बसतं आणि ते काढायला वापरलेल्या सॉल्व्हंटने रेझिन मऊ पडतं.

ड्राय नजरेत खड्डे बाजूला पडले. आता क्वार्ट्झ, चिकणमाती आणि रेझिन यांच्यात निवड करायची. इथे पोलर आडवे केले की काम होतं. क्वार्ट्झ काचेसारखा खोलवर पारदर्शक दिसतो, आतून उजेड येतो, कडा टोकदार असतात. ड्राय ऑब्जेक्टिव्हमध्ये तो किंचित उंच उठलेलाही दिसतो, कारण मोज मापनात त्याची कठिणता ७, कोळशाची जेमतेम ३. चिकणमाती गढूळ, तपकिरी, दाणेदार झाक देते आणि तिच्या कडा कोळशात विरघळल्यासारख्या असतात. रेझिन एकसारखं निस्तेज, मध्येच एखादा गोल बुडबुडा.

सगळ्यांत फसवी जागा म्हणजे फ्युझिनाइट आणि सेमिफ्युझिनाइट, म्हणजे लाकडाची रचना टिकून राहिलेले कोळशाचे घटक, यांच्या पेशी. मूळ लाकडाच्या पेशींच्या भिंती उभ्या, आत पोकळी. आपल्या गोंडवाना कोळशात (भारतातल्या बहुतेक खाणींतला जुना कोळसा) त्या पोकळीत बहुतेक वेळा चिकणमाती भरलेली असते. पण व्हॅक्यूमने आपण रेझिनही नेमकं तिथेच भरलेलं असतं! पेशी भरली ती कोट्यवधी वर्षांपूर्वी की परवा दुपारी, हे साध्या प्रकाशात सांगता येत नाही. यावर चांगला उपाय म्हणजे रेझिन कालवतानाच त्यात चिमूटभर फ्लुरोसेंट रंग मिसळणं. निळ्या प्रकाशात रेझिन चमकतं, चिकणमाती अंधारी राहते. फ्लुरोसन्सची सोय नसेल तर पेशींच्या भिंती पाहाव्यात. त्या चिरडलेल्या, वाकलेल्या असतील आणि आतला भरावही त्यांच्याबरोबर वाकला असेल, तर तो कोळशाइतकाच जुना.

बाकीची मंडळी

पायराइट ओळखायला कष्ट नाहीत: पिवळसर पांढरं, डोळे दिपवणारं, हवेत परावर्तकता ५० टक्क्यांच्या वर. त्याच लोहगंधकी संयुगाचा दुसरा प्रकार, मार्कासाइट, क्रॉस्ड पोलरमध्ये स्टेज (ठोकळा ठेवायचा फिरता मंच) फिरवताच रंग बदलतो. पायराइट काळंच राहतं. पायराइट कोणत्या रूपात आहे हे त्याहून महत्त्वाचं. फ्रॅम्बॉइड म्हणजे रासबेरीच्या फळासारखे, पाच-वीस मायक्रॉनचे गोळे. ते दलदल साचत असतानाच तयार झालेले आणि कोळशात इतके आत रुतलेले की कितीही दळलं तरी सुटणार नाहीत. भेगांत भरलेलं पायराइट नंतरचं, ते दळताना सुटं होतं. गोंडवाना कोळशात गंधक बहुधा १ टक्क्याच्या आत असतं, म्हणून फ्रॅम्बॉइड थोडेच भेटतात. आसामच्या टर्शरी, म्हणजे गोंडवानाहून बऱ्याच नव्या, कोळशात गंधक जास्त, पण तिथलं बरंचसं गंधक सेंद्रिय असतं. ते मायक्रोस्कोपला दिसत नाही. गंधकाचा आकडा मोठा आणि पायराइट मात्र दिसत नाही, असा नमुना आला तर डोळ्यांना दोष देऊ नये.

कार्बोनेटचं लक्षण म्हणजे लुकलुकणं. कॅल्साइटचे दोन अपवर्तनांक १.४८६ आणि १.६५८, स्टेज फिरवला की दाणा कधी तेलात बुडाल्यासारखा काळा, कधी करडा. सिडेराइटमध्ये हा फरक आणखी मोठा, १.६३३ ते १.८७५, त्यामुळे तेलातली परावर्तकता ०.१ टक्क्यापासून १ टक्क्याच्या वर झुलते. सिडेराइट बहुधा गोलाकार गाठींत, आतून किरणांसारखी रचना, झाक तपकिरी. कॅल्साइट क्लीटमध्ये, म्हणजे कोळशाच्या नैसर्गिक उभ्या फटींत, पांढऱ्या पापुद्र्यासारखं. कॅल्साइट की डोलोमाइट याची शंका असेल तर सगळी मोजणी संपल्यावर ठोकळ्यावर ॲलिझरिन रेड एसचं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातलं द्रावण टाकावं. कॅल्साइट लाल होतं, डोलोमाइट होत नाही. आधी टाकलं तर पृष्ठ खाल्लं जातं आणि मोजणी गेली.

मोजणी

पॉइंट काउंटिंगची रीत सोपी आणि कंटाळवाणी. अर्ध्या मि.मी.ची पावलं, दोन्ही दिशांना. क्रॉसवायरच्या (आयपीसमधल्या फुलीच्या) खाली जे येईल ते नोंदवायचं, रेझिन आलं तर सोडून पुढे. सीमेवर आलं तर एकच कोपरा, समजा वरचा उजवा, ठरवून घ्यायचा आणि शेवटपर्यंत तोच पाळायचा. नाहीतर मन आपोआप चकचकीत पायराइटच्या बाजूने कौल देतं. कमीत कमी ५०० बिंदू. दोन ठोकळ्यांवर मिळून १००० केले तर उत्तम.

५०० बिंदूंत काय मिळतं ते आधी समजून घ्यावं. १० टक्के असलेल्या घटकाची प्रमाण त्रुटी सुमारे १.३ टक्के येते, दोन्हीकडे तिच्या दुप्पट धरली तर खरा आकडा साडेसात ते साडेबारामध्ये कुठेही असू शकतो. १ टक्का पायराइटची त्रुटी ०.४४, म्हणजे जवळजवळ निम्मी. पायराइटचा दशांशापुढचा अंक अहवालात छापणं हा नुसता शृंगार.

दुसरी गल्लत याहून मोठी. मोजणी आकारमानाची टक्केवारी देते आणि राख वजनाची. स्वच्छ कोळसा १.३ आणि चिकणमाती २.६ घनतेची धरली, तर आकारमानाने २० टक्के चिकणमाती वजनाने ३३ टक्के होते. ती सगळी केओलिनाइट असेल तर पाणी गेल्यावर राख भरते २९ च्या आसपास. म्हणजे राखेला १.१६ ने गुणलं की खनिज येतं. क्वार्ट्झ जळताना वजन गमावत नाही. निम्मं क्वार्ट्झ धरलं तर तो गुणक १.०७ वर येतो. आपल्याकडे राखेला १.१ ने गुणून खनिज काढण्याची जी पद्धत आहे, ती या दोन टोकांच्या मधली. कार्बोनेट किंवा पायराइट भरपूर असलेल्या कोळशाला ती लावू नये.

उलट दिशेने पडताळाही घेता येतो. त्यासाठी पार नावाच्या शास्त्रज्ञाचं सूत्र: खनिज म्हणजे १.०८ गुणिले राख अधिक ०.५५ गुणिले गंधक. राख ३५, गंधक ०.५ असेल तर वजनाने खनिज ३८ टक्के. खनिजाची घनता २.८ आणि कोळशाची १.३५ धरून आकारमानात आणलं की २३ टक्के. म्हणजे ३५ टक्के राखेच्या कोळशात मोजणीने २३ च्या आगेमागे, चार टक्के इकडेतिकडे, यायला हवं. १२-१५ आलं तर दोन शक्यता: कुणीतरी पूड फेकली, नाहीतर चिकणमाती इतकी बारीक विखुरलेली आहे की एक-दोन मायक्रॉनखालचे कण डोळ्याला दिसलेच नाहीत आणि विट्रिनाइटमध्ये गणले गेले. ३० च्या वर गेलं तर बहुतेक खड्डे चिकणमाती म्हणून मोजलेत. तेव्हा पुन्हा ड्राय ऑब्जेक्टिव्ह. पायराइटलाही असाच पडताळा आहे. आकारमानाने १ टक्का पायराइट म्हणजे वजनाने साडेतीनच्या आसपास, आणि त्यात ५३ टक्के गंधक, म्हणजे कोळशात १.९ टक्के पायरायटी गंधक. रासायनिक अहवालात एकूण गंधकच ०.६ असेल तर ती मोजणी टाकून द्यावी.

खनिज कुणाच्या शेजारी

एवढं करून हातात आली ती नुसती यादी. माझ्या मते या कामाचा खरा मोबदला कार्बोमिनेराइट मोजण्यात आहे, आणि आपल्याकडे नेमकं तेच टाळलं जातं. आयपीसमध्ये २० बिंदूंची जाळी, ५० गुणिले ५० मायक्रॉनची. प्रत्येक जागी २० पैकी किती बिंदू खनिजावर पडले ते पाहायचं. चिकणमाती, क्वार्ट्झ किंवा कार्बोनेटवर ४ ते ११ पडले तर तो कार्बोमिनेराइट, म्हणजे कोळसा आणि खनिज एकमेकांत गुंतलेले. चिकणमातीचा असेल तर कार्बार्जिलाइट. १२ किंवा जास्त म्हणजे मिनेराइट, जवळजवळ दगडच. पायराइट जड असल्यामुळे त्याचा निकष कडक: १ ते ३ बिंदूंना कार्बोपायराइट, ४ पासून पुढे मिनेराइट.

हा आकडा वॉशरीवाल्याला, म्हणजे कोळसा धुणाऱ्याला, राखेपेक्षा जास्त सांगतो. मिनेराइट जास्त असेल तर दगड वेगळा आहे, धुतल्यावर बुडेल. कार्बार्जिलाइट जास्त असेल तर चिकणमाती पेशींत भरलेली आहे. त्या दाण्याची घनता १.५ ते २ च्या मध्ये कुठेतरी, ना धड तरंगत ना धड बुडत. अशा कोळशाची राख धुऊन थोडीच उतरते आणि त्यासाठी बराच चांगला कोळसा रिजेक्टमध्ये घालवावा लागतो.

पल्व्हराइज्ड, म्हणजे पीठ केलेल्या, कोळशावर चालणाऱ्या केंद्रात साधारण ७० टक्के कोळसा ७५ मायक्रॉनखाली दळलेला असतो. त्या मापाला सुटं झालेलं खनिज वेगळं जळतं आणि कोळशाच्या आत अडकलेलं वेगळं. कोळशाच्या कणात केओलिनाइट आणि पायराइट शेजारी असतील, तर कण जळताना आत ऑक्सिजन कमी पडतो, लोह फेरस अवस्थेत राहतं आणि चिकणमातीला वितळवतं. ते भिंतीला चिकटतं. तेच पायराइट सुटं असतं, तर जड म्हणून त्यातलं बरंचसं बाउल मिलच्या रिजेक्टमध्येच पडलं असतं. दोन्ही कोळशांच्या राखेच्या विश्लेषणात फेरिक ऑक्साइडचा आकडा एकच. डाय हाउसच्या ग्रेटवर खंगर धरतो त्यामागेही बहुधा हीच जोडी किंवा कॅल्साइट-चिकणमातीची असते, आणि तिथे तर कोळसा दळलेलाही नसतो, त्यामुळे शेजारी शेजारीच राहतात. हवा वाढवून आणि ग्रेटवरचा थर पातळ ठेवून थोडा फरक पडतो. खनिजांचं नातं मात्र बदलत नाही.

क्वार्ट्झचं उलट. तो वितळण्याच्या भानगडीत कमी पडतो, पण घासतो. त्यात टक्केवारीइतकाच दाण्याचा आकार आणि कडा महत्त्वाच्या. ५० मायक्रॉनचे टोकदार दाणे मिलचे रोल आणि इकॉनॉमायझरच्या (बॉयलरचं पाणी आधी तापवणाऱ्या भागाच्या) नळ्या खातात, पाच मायक्रॉनचे विखुरलेले कण तितका त्रास देत नाहीत. म्हणून क्वार्ट्झ मोजताना आयपीस मायक्रोमीटरने निदान शंभर दाण्यांची लांबी घ्यावी आणि टोकदार-गोलसर अशी साधी नोंद ठेवावी.

जिथे प्रकाश कमी पडतो तिथे एसईएम, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. ठोकळा तोच चालतो, वर कार्बनचा थर द्यायचा. बॅकस्कॅटर, म्हणजे परत उसळलेल्या इलेक्ट्रॉनांच्या, प्रतिमेत खनिजं उजळ, कोळसा गडद. अडचण अशी की रेझिनही कार्बनचंच, त्यामुळे कोळसा आणि रेझिन सारखेच गडद दिसतात आणि कोळशाच्या आतलं खनिज कोणतं, बाहेरचं कोणतं ते कळत नाही. त्यासाठी रेझिनमध्ये आयोडोफॉर्म मिसळून ते उजळ करतात किंवा रेझिनऐवजी कार्नौबा मेण वापरतात. ईडीएसमध्ये (एसईएमला जोडलेल्या, मूलद्रव्यं ओळखणाऱ्या उपकरणात) ॲल्युमिनियम-सिलिकॉन जवळजवळ एकास एक आले तर केओलिनाइट, पोटॅशियम सोबत आलं तर इलाइट हे चिकणमातीचंच दुसरं खनिज, लोह आलं आणि गंधक नाही तर सिडेराइट. बीम एक-दोन मायक्रॉन आत शिरतो हे विसरू नका. केओलिनाइटला चिकटलेल्या बारीक क्वार्ट्झमुळे सिलिकॉन फुगून दिसतो आणि नसलेलं एखादं खनिज अहवालात अवतरतं. पायराइट की मार्कासाइट हे ईडीएस सांगू शकत नाही, रसायन एकच आहे. तिथे साधा पोलराइझरच जिंकतो.

काम झाल्यावर ठोकळे सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवावेत. पावसाळ्यात टेबलावर राहिलेल्या ठोकळ्यावरचं पायराइट आधी तांबूस, मग निळसर होतं आणि महिन्याभरात त्यावर पांढरी लव येते. ती लोहाच्या सल्फेटची. असा ठोकळा पुन्हा पाहायचा झाला तर लव पुसून भागत नाही, खाली खड्डा पडलेला असतो. ६०० च्या कागदापासून सुरुवात करून पुन्हा पॉलिश करावं, आणि ठोकळ्याच्या पाठीवर पॉलिशची तारीख कोरून ठेवावी, शाईने नाही. तेलाने शाई पुसली जाते.